प्रेम व माया, चौरस फुटाप्रमाणे

आमच्या ऑफिसात घरांचा विषय निघाला की सगळे जण हवेत हाताने बाण काढून दाखवतात. बाण नेहमी वर जातो. दिल्लीत वर, बंगळूरला वर, आणि पुण्याचा बाण दाखवताना तर साहेबांचा हात पंख्याला लागेल अशी भीती वाटते. आम्ही घरांसाठी कर्ज देणारी एक मध्यम कंपनी आहोत. २००६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मुख्य कचेरीने ठरवलं, की ‘निवासी मालमत्तेच्या विक्रीचा कल : राष्ट्रीय व प्रादेशिक’ असं एक जाड पुस्तक काढायचं. पुस्तक जवळजवळ तयारही झालं. प्रस्तावना झाली, निष्कर्ष झाले, मुखपृष्ठावरचा बाण झाला. फक्त जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे रकाने रिकामे राहिले होते. निष्कर्ष आधीच ठरलेले असल्यामुळे काम सोपं आहे, असं साहेब म्हणाले आणि चार दिवसांसाठी मला पाठवलं. ऑफिसातल्या तरुण मंडळींना मंचरच्या पुढे मोबाईलला रेंज नसते, हे त्याच आठवड्यात कळलं होतं.

बरोबर घेतलं ते असं : चाळीस फॉर्म, फॉर्मखाली धरायची फळी, चार पेनं, पाण्याची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या, दोन कॉटनच्या साड्या आणि सर्वेक्षकांसाठीच्या सूचनांचं पत्रक. पत्रकातली पहिली सूचना होती : ‘प्रश्न छापल्याप्रमाणेच वाचावेत.’ दुसरी : ‘उत्तर देणाऱ्यास कोणताही सल्ला देऊ नये.’ या दोन सूचना लक्षात ठेवाव्यात, कारण मी त्या तंतोतंत पाळल्या.

ओतूर

राजगुरुनगर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात. ‘भीमाशंकरच्या कुशीत बंगलो प्लॉट’ अशी एक पाटी मंचरच्या आधीच लागली. तिथून भीमाशंकरला जायला दोन तास लागतात, त्यामुळे देवाची कूस फारच ऐसपैस असली पाहिजे. दुसऱ्या पाटीवर बर्फाचे डोंगर होते आणि खाली लिहिलं होतं, ‘एन. ए. प्रक्रिया चालू’. तिच्यामागे वांग्याचं शेत होतं.

ओतूरला मी ज्या बिल्डरांना भेटले, त्यांना गावात आप्पा म्हणतात. पाण्याच्या मोटारींचं दुकान हा त्यांचा मूळ धंदा. दुकानाशेजारी त्यांनी बारा फ्लॅटची इमारत उठवली आहे आणि तिचं नाव ‘स्विस रेसिडेन्सी’ ठेवलं आहे. मी सॅम्पल फ्लॅट बघायला मागितला. आप्पांनी जरा वेळ लावला, मग किल्ली आणली. हॉलमध्ये गुडघाभर कांदा पसरलेला होता. बेडरूममध्येही कांदा होता. ‘मास्टर’ बेडरूममध्ये बियाण्याचा होता.

आप्पांना संकोच वाटला नाही. कांद्याचा भाव पडलाय, म्हणाले, तो जरा चढला की आधी कांदा निघेल आणि मग फ्लॅट निघतील. माझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, की व्याजदर बदलल्यास तुमच्या भागातील घरविक्रीवर काय परिणाम होतो. आप्पांनी तो दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, की इथे कांदा तेजीत असला तर बागायतदार पोरांच्या शाळेसाठी फ्लॅट बुक करतो, आणि कांदा पडला की तोच बागायतदार फोन उचलत नाही. व्याजदर मुंबईला असेल, त्याचं इथे काही काम नाही. मी ‘इतर’ या रकान्यात ‘कांदा’ असं लिहिलं.

“एक गिऱ्हाईक अगदी विसाराला आलं व्हतं,” आप्पा म्हणाले. “त्यानं भितीवर हात ठेवून इचारलं, ही भित कुणाची? मी म्हनलं, दोघांची, तुमची आन शेजाऱ्याची. तर उठूनच गेला की राव. म्हनला, बांधाचं भांडण आता जिना चढवून वर कुठं नेऊ?”

आम्हा पुणेकरांना याचं हसू यायचं कारण नाही. आमच्या सोसायटीत त्याच एका भिंतीवरून अकरा वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. फक्त आम्ही फ्लॅट घेतल्यानंतर तो सुरू केला.

पुढचा मुक्काम महाळुंगे पडवळला होता. तिथे उतरायची सोय आप्पांनी केली. दशरथ नावाचे शेतकरी त्यांच्याकडून मोटार नेतात, घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, म्हणाले. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, “दशरथभाऊ, पुन्याच्या मॅडम येत्यात उद्या. घर बघायला.” या दोन शब्दांनी पुढे काय होणार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. मी मान डोलावून आभार मानले.

ओतूर ते महाळुंगे पडवळ

एसटी स्टँडवर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी एक बाई येऊन बसल्या. पंचावन्नच्या आसपास वय, अंगाने कडक, पायात पुरुषी चपला आणि मांडीवर लाडवांचा डबा. त्यांनी दोन मिनिटांत माझं गाव, नवरा, मुलं आणि साडीची किंमत विचारून घेतली. मग मी कुठे निघाले ते विचारलं. दशरथभाऊंचं नाव सांगताच त्यांनी माझ्या हातावर हात मारला. दशरथ त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि त्या माहेरी चालल्या होत्या. त्यांचं नाव ताराबाई.

नारायणगावला गाडी बदलून कळंबला उतरलो आणि तिथून वडाप जीप धरली. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ताराबाईंबद्दल आहे. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. पाऊस संपला की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचं आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं, यात त्या बापाचा जन्म गेला. चाळिशीत त्याने निम्मी मेंढरं विकून महाळुंग्याला घर बांधलं. ताराबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, दशरथ रांगत होता आणि धाकटा मच्छिंद्र जन्मायचा होता. ओढ्यातून दगड आणि वाळू डोक्यावर वाहणाऱ्यांत त्या होत्या.

या खेपेला माहेरी काय विशेष, असं मी विचारलं. घोडेगावला जाऊन एक सही करायची आहे, त्या म्हणाल्या. भाऊ घरावर कर्ज काढून पत्रे बदलणार आहेत, बाप गेल्यावर तिघांची नावं लागलीत, म्हणून बँकेला बहिणीची सही लागते. सासरची माणसं सही करू नको म्हणून मागे लागली होती. त्यांना त्यांनी गप्प केलं होतं.

“पत्रं गळत्यात, तर सही द्यायला नको?” त्या म्हणाल्या. “मला काय घर डोक्यावर घिऊन जायचंय? येती तवा चुलीपाशी बसाया जागा ऱ्हायली म्हंजी झालं. आन भावानं लुगडं बी आणलंय. लई भारी हाय म्हनं.”

माझ्या मांडीवरची फळी आणि फॉर्म त्या सारख्या बघत होत्या. यात काय विचारता, म्हणाल्या. घराबद्दल बावीस प्रश्न आहेत, असं मी सांगितलं. मग मला बी इचारा, त्या म्हणाल्या. वेळ मिळाला की विचारीन, असं मी कबूल केलं.

महाळुंगे पडवळ

घर खरोखर देखणं आहे. दगडी जोतं, जाड मातीच्या भिंती, मधे सागाचे खांब आणि मागे मोकळं परडं, त्यापलीकडे ऊस. दशरथभाऊंनी ओट्यावर गादी घातली होती. भोसरीला कारखान्यात असणारा मच्छिंद्रही रजा काढून आला होता. ताराबाई आत शिरल्या त्या सरळ चुलीपाशी गेल्या आणि पाच मिनिटांत भावजयीच्या हातातला वरवंटा त्यांच्या हातात होता.

दुपारी मासवडी होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते : मासवडीत मासा नसतो. शिजवलेल्या बेसनाची पोळी ओल्या फडक्यावर थापतात, तिच्यावर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरून फडक्यानेच गुंडाळी करतात आणि सुरीने वड्या पाडतात. बरोबर काळपट तांबडा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला कान गरम होतात. दोन फॉर्मांवर रस्सा सांडला, त्याची नोंद मी केली आहे.

जेवणानंतर दशरथभाऊ म्हणाले, चला, घर दाखवतो. घर दाखवताना ते एकदम हळू आवाजात बोलू लागले. खांब पोकळ नाहीत, वाजवून बघा. परड्यातून थेट डांबरी रस्ता. विहिरीला उन्हाळ्यात पाणी. मग म्हणाले, तुमच्या साहेबांना सांगा, काळजी करू नका, उद्या घोडेगावला कागद झाला की टायटल एकदम क्लिअर.

कुठले साहेब, मी विचारलं.

“मुंबईचं. ज्यांनी तुमाला धाडलंय त्ये. आमचं बोलनं झालंय की त्यांच्याशी.” त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. “आक्काची सही तेवढी ऱ्हायलीय. तिला अजून बोललो नाय. कशाला उगा, बाईमाणूस रडत बसतं. सही झाल्यावर सांगू.”

मग माझ्या लक्षात आलं. मुंबईच्या कोणा कुटुंबाला शनिवार-रविवारसाठी गावाकडचं घर हवं होतं, आणि ‘घर बघायला’ येणारी मी त्यांचीच माणूस ठरले होते. मी ताबडतोब खुलासा केला, की मी विकत घेणाऱ्यांपैकी नाही, सर्वेक्षण करते. दशरथभाऊ हसले. बघायला म्हंजी बघायलाच की, म्हणाले, आणि उलट माझ्यावर जास्त विश्वास ठेवू लागले. नोकरीतल्या माणसाने आपण कोणाचे हे लपवावं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

दशरथभाऊ वाईट माणूस नाहीत. मुलाला पुण्यात धंदा टाकून द्यायचा होता, मच्छिंद्रला भोसरीला खोली घ्यायची होती, आणि एवढ्या घराची झाडलोट करायला माणूस उरलं नव्हतं. हे सगळं ते बहिणीला सांगू शकले असते. पण बहिणीकडून हक्कसोडाच्या कागदावर सही घेताना काही सांगायची रीतच या भागात नाही. कागदात विकणारा नसतो आणि घेणाराही नसतो. बहीण हक्क सोडते, भाऊ साडी देतो, आणि मोबदल्याच्या जागी ‘प्रेम व माया’ असं लिहितात. आमच्या पुस्तकाच्या भाषेत सांगायचं, तर या दोन तालुक्यांत घरांची सगळ्यात मोठी उलाढाल याच दराने होते आणि हा दर वर्षानुवर्षं स्थिर आहे.

पुण्यात असं होत नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मीही माझ्या भावाला सही दिली आहे, शनिवार पेठेत, बाविसाव्या वर्षापासून मी ज्या घरात पाहुणी होते त्या घराची. तेव्हा मला साडी मिळाली नव्हती, बत्तीस नगांचा डिनर सेट मिळाला होता. कागद मी वाचलाही नव्हता, आणि मी वाचल्याशिवाय वाण्याच्या बिलावरही सही करत नाही.

आता काय करायचं, याची मी दोन रकाने करून यादी केली. सांगावं, या बाजूला पाच मुद्दे आले. सांगू नये, या बाजूला एकच आला, तो म्हणजे पत्रकातली सूचना क्रमांक दोन. शिवाय ज्यांची मासवडी खाल्ली त्यांच्या घरात बहिणीला बाजूला घेऊन कुजबुजायचं, हे मला जमेना. संध्याकाळी ताराबाईंनी नवी साडी नेसून दाखवली. जांभळी होती, काठ सोनेरी. त्या ओट्यावरून दोनदा फिरल्या.

घोडेगाव

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठाणं. सकाळी जीपमधून सगळे निघालो, मलाही तिथून मंचरची गाडी धरायची होती. दस्त नोंदणीच्या कचेरीत आता संगणक आला आहे. सही करणाऱ्याचा अंगठा यंत्रावर ठेवतात आणि छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढतात. बाहेर कागद लिहून देणाऱ्याने दशरथभाऊंचा दस्त वाचून दाखवला, इतका भरभर, की त्यातले ‘प्रेम व माया’ हे शब्द मी वाट बघत होते म्हणूनच ऐकू आले. आमचा नंबर सातवा होता. तिसरा चालू असताना वीज गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक दारावरच लावलेलं होतं, तरी दर वेळी वीज गेली की सगळ्यांनी वर दिव्याकडे बघायचं असतं, ते बघून झालं. दोन तासांची निश्चिंती. आम्ही लिंबाच्या झाडाखाली पारावर बसलो. मच्छिंद्रने चहा आणला. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढत होते, तेवढ्यात ताराबाई म्हणाल्या, “बाई, आता इचारा. तुमी म्हनला व्हता.”

मी फळी काढली आणि छापल्याप्रमाणे वाचायला लागले.

मालमत्तेचा प्रकार : अपार्टमेंट, रो-हाउस, व्हिला की इतर? इतर. लिफ्ट आहे काय? यावर पारावरची अनोळखी माणसंही हसली. खोल्या किती? दशरथभाऊ म्हणाले, चार. ताराबाई म्हणाल्या, पाच, माळ्यावर आजारी कोकरं ठेवायची जागा होती ती धरून. खांब किती? भावांनी एकमेकांकडे बघितलं. ताराबाईंनी सांगितलं, सात, आणि सातवा नंतरचा आहे, मूळचा पहिल्याच पावसात फुगला म्हणून बाप रात्रभर त्याला टेकून उभा होता. बांधकाम कधीचं? भाऊ तलाठ्याकडचं साल आठवू लागले. मी धा वर्साची व्हते, एवढंच त्या म्हणाल्या. बाप पहिले आठ दिवस घरात झोपलाच नाही, अंगणातच झोपला, छताखाली त्याला कोंडल्यासारखं होई, हेही त्यांनी सांगितलं. त्याला रकाना नव्हता.

अशा रीतीने आम्ही सतराव्या प्रश्नापर्यंत आलो. तो मी नेहमीच्याच आवाजात वाचला. “सदर मालमत्ता सध्या विक्रीस आहे काय? होय किंवा नाही.”

“नाय,” ताराबाई म्हणाल्या. “लिवा, नाय.”

प्रश्नाखाली बारीक टाइपात लिहिलेलं असतं : ‘मालक एकाहून अधिक असल्यास प्रत्येकास स्वतंत्र विचारावे.’ मालक तिघे होते. मी दशरथभाऊंकडे वळले आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला.

मॅडम, ते राहू द्या, फॉर्म नंतर भरा, ते म्हणाले. मी म्हटलं, होय की नाही, एवढंच सांगा, माझं काम तेवढंच आहे. ते लिंबाच्या पानांकडे बघत राहिले. मी मच्छिंद्रला विचारलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“होय लिवा,” तो म्हणाला. “आक्का, होय हाय ते. मुंबईवाल्यांशी ठरलंय. मी दादाला म्हनलं व्हतं, तुला आधी सांगू म्हनून.”

ताराबाई रडल्या नाहीत. त्यांनी सोनेरी काठाची घडी मांडीवर नीट केली. मग मला विचारलं, पुढं काय लिहिलंय. पुढचा प्रश्न होता, विक्रेत्याचे नाव. मी वाचला. तो रकाना मी कोरा ठेवला.

वीज वेळेच्या आधी आली. आतले आधीचे नंबर उरकले आणि सातवा पुकारला. दशरथभाऊ उठले, मच्छिंद्र उठला, आणि ताराबाईही उठल्या. डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या पुढे गेल्या. मला वाटलं, संपलं, करतात आता सही. माझ्या वेळी आधी कळलं असतं, तरी मीही असंच केलं असतं.

टेबलामागच्या साहेबांनी कागद समोर धरून ठरलेला प्रश्न विचारला. हा दस्त तुम्ही वाचून, समजून, स्वखुशीने करून देत आहात ना?

“खुशी इचारताय तर नाय,” ताराबाई म्हणाल्या.

साहेबांनी वर बघितलं. कागद बाजूला ठेवला आणि आठवा नंबर पुकारला. यंत्राचा लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला.

बाहेर आल्यावर दशरथभाऊंचा तोल गेला. चारचौघांत शोभा केलीस, म्हणाले. आजवर कधी काही कमी केलं का, दिवाळी चुकली का, लुगडं चुकलं का, हे मोजून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आक्का, तू पावनी हाय घरची. तुझा मान हाय. तू ह्यात कशाला पडती?”

“पावनीची सही कशाला लागती मंग?” ताराबाई म्हणाल्या.

कागद लिहून देणारा टाइपरायटरवर फडकं टाकत होता.

घर विकायलाच नको, असं ताराबाई म्हणाल्या नाहीत, हे इथे सांगायला हवं. मुलाच्या धंद्याचं, भोसरीच्या खोलीचं, सगळं त्यांनी पारावर बसून शांतपणे ऐकून घेतलं. विकायचं असेल तर विकू, म्हणाल्या, पण ते घरी बसून, तिघांनी, माझ्यासमोर ठरवायचं, आणि मुंबईचं माणूस आलं तर त्याच्याशी मी पण बोलणार. चुलीपाशी बसून नाही. त्याला तसं आत्ताच कळव.

दशरथभाऊंनी मोबाईल काढला. रेंजसाठी कचेरीपासून बाजूला, पार रस्त्यापर्यंत जावं लागलं, आणि पलीकडे ऐकू जात नसल्यामुळे फार मोठ्याने बोलावं लागलं. माझी मंचरची गाडी लागली होती, कंडक्टर चला चला करत होता, तरी मी पायरीवर थांबले. आज कागद झाला नाही, असं त्यांनी सांगितलं. का झाला नाही, ते सांगताना अडखळले. घरात तिसरं माणूस आहे, म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

“नाय नाय, भाडेकरू नाय,” ते ओरडून सांगत होते. “भैन हाय आमची. थोरली... नाय ओ, पावनी न्हाई.” त्यांनी मान वळवून पाराकडे बघितलं. ताराबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. “मालकीन. मालकीन हाय ती. आता नीट आलं का ऐकू?”